स्विफ्टचा पिंजरा

गाडीतला टेप अजून उत्तम वाजतो, हे विकणाऱ्याने मला तीनदा सांगितलं. सांगलीची गाडी, एमएच १०, २००६ची पेट्रोल स्विफ्ट. पंधरा वर्षं उलटून गेलेली. पुनर्नोंदणीची फी २०२२च्या एप्रिलपासून ६०० रुपयांवरून थेट ५,००० झालेली, वर पर्यावरण कर, वर गाडी घेऊन आरटीओत खेटे. त्याला तो व्याप नको होता. बासष्ट हजारांत सौदा झाला. खेटे मी घातले, गाडी नावावर करून घेतली आणि पुढच्या रविवारी टेप काढून त्याला नेऊन दिला. "मग गाणी कशावर ऐकणार?" त्यानं विचारलं. मागचं सीट, एसी आणि छताचं अस्तरही काढून ठेवलंय, हे त्याला सांगायचा मला धीर झाला नाही.

रॅलीची गाडी बांधायचं हे वेड नाशिकचं. तिथं नोकरीला होतो तेव्हा 'रॅली ऑफ महाराष्ट्र' ही कच्च्या वाटांवरची मोटारींची शर्यत व्हायची, आणि आम्ही चार जण पहाटे उठून शेताच्या बांधावर जाऊन उभे राहायचो. पुढच्या नंबरच्या सेडिया आणि पोलो धुरळ्याचा लोट मागे ठेवून जायच्या. लोक त्या गेल्या की घरी जायला निघायचे. मला मात्र शेवटी येणाऱ्या एस्टीम बघायच्या असायच्या. कुणाचा बंपर गेलेला, कुणाचं दार चिकटपट्टीनं बांधलेलं, आवाज फाटलेला, पण येतायत. अशी एक आपली असावी, एवढंच डोक्यात बसलं. कोल्हापूरला परत आलो, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत क्वालिटी विभागात लागलो, लग्न झालं, मुलगी झाली, आणि ते डोक्यातलं काही जाईना.

खरं तर मला फियाटची पालिओ हवी होती. १.६ लिटर, १०० अश्वशक्ती, कॉलेजात असताना जिच्या मागे वळून बघायचो ती. घरगुती छोट्या गाडीत तिला जरा जास्तच होईल असं इंजिन घालायचं, याला जग हॉट हॅच म्हणतं, आणि आपल्याकडे त्या काळात त्या नावाला शोभेल अशी पालिओच. इचलकरंजीत एक सापडलीही. मिस्त्रींना दाखवायला घेऊन गेलो. त्यांनी बोनेट उघडलं नाही, की चालवून बघितली नाही. खाली वाकून पुढचं चाक हलवलं आणि उठून म्हणाले, "साहेब, गाडी लई भारी हाय. पण ह्याचा लोअर आर्म तुटला तर कुठनं आणायचा? आणि तुम्ही तर तोडायलाच निघालाय."

म्हणून स्विफ्ट. १२९८ सीसी, ८७ अश्वशक्ती, वजन हजार किलोच्या आसपास. हे जी-१३ घराण्याचं इंजिन एस्टीममध्ये होतं, जिप्सीतही होतं, त्यामुळे त्याचा सामान कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो आणि ते उघडलेला मिस्त्री प्रत्येक गल्लीत आहे. फक्त गाडी २०१०च्या आधीची बघावी लागते. त्यानंतर पेट्रोल स्विफ्टला १.२चं इंजिन आलं, कारण चार मीटरच्या आतल्या गाडीला १२०० सीसीपर्यंत अबकारी कर तेव्हा कमी होता.

मिस्त्रींचं शेड शिवाजी उद्यमनगरात. वय साठीच्या पुढे, सगळे त्यांना मामाच म्हणतात. पहिले पाच रविवार आम्ही फक्त काढत होतो. सीट, कार्पेट, प्लास्टिक, एसीचा कॉम्प्रेसर, डिकीतला पत्र्याच्या खालचा फोम. जमिनीच्या पत्र्यावर आवाज दाबायला डांबराचे पट्टे चिकटवलेले असतात, ते सगळ्यात चिवट. जानेवारीत सकाळी सात वाजता छिन्नी मारली की काचेसारखे तुकडे उडायचे. दहानंतर तेच डांबर छिन्नीला, हाताला, पँटीला. त्यामुळे रविवारी पहाटे उठायची सवय लागली आणि घरात "ऑफिसला एवढ्या लवकर कधी जात नाही तुम्ही" हे ऐकायचीही.

काढलेलं सगळं भंगारवाल्याच्या काट्यावर घातलं: ११८ किलो. मी भलताच खूश. पुढे वर्षभरात आम्ही काय काय परत घातलं आणि शेवटी फाउंड्रीच्या वजनकाट्यावर गाडी नेल्यावर ती मूळच्यापेक्षा किती हलकी भरली, तर ३५ किलो. त्या काट्याला पाच किलोच्या खालचं दिसत नाही, म्हणजे तीसही असतील.

परत घातलेल्यात सगळ्यात मोठा तो पिंजरा, म्हणजे रोलकेज. गाडी उलटली तर छत खाली येऊ नये म्हणून आत नळ्यांचा सांगाडा. याचे नियम आंतरराष्ट्रीय संघटनेचे, म्हणजे एफआयएचे, परिशिष्ट जे, कलम २५३. सीमलेस नळी हवी, म्हणजे जिला लांबीतून सांधा नाही ती. मुख्य कमानीला ४५ मिलिमीटर व्यासाची अडीच जाडीची, नाहीतर ५० व्यासाची दोन जाडीची. बाकीच्यांना ३८ बाय अडीच, नाहीतर ४० बाय दोन. मी ४५ची घेऊन आलो, जाड ती चांगली या हिशेबानं.

मामांच्या शेजारच्या शेडमध्ये हायड्रॉलिक बेंडर होता. तिथं पहिली कमान वाकवली. लांबून बघितली तर सुरेख दिसत होती, शेजारचे दोघं येऊन "नाद खुळा" म्हणून गेले. मी खिशातला व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायचा काटा, काढला. वाकवल्यावर नळी चपटी होते, होणारच. नियम असा की चपट्या जागी लहान व्यास भागिले मोठा व्यास ०.९च्या खाली जाता कामा नये. माझा काटा एकीकडे ३९.१ दाखवत होता, दुसरीकडे ४७.६. म्हणजे ०.८२.

"साहेब, कागदावरचं सोडा. वाळू भरतो आत, गॅसनं लाल करतो, बगा कसं लोण्यागत वाकतंय," मामा म्हणाले. आयुष्यभर त्यांनी बैलगाडीच्या धावेपासून ट्रकच्या कठड्यापर्यंत सगळं असंच वाकवलेलं. त्यांचं चुकत नव्हतं, वाळू भरली की नळी खरंच चपटत नाही. पण नियमात तेही आहे: नळी थंडच वाकवायची. लाल केली की तिथल्या लोखंडाचा स्वभाव बदलतो, आणि किती बदलला हे बाहेरून दिसत नाही. फाउंड्रीत रोज तेच करतो आम्ही, त्यामुळे मला हे पटवून द्यायची गरज नव्हती. मामांना होती. आमचं थोडं वाजलं. ते दोन रविवार माझ्याशी पान्याच्या नंबरापलीकडे बोलले नाहीत.

उपाय निघाला तो आमच्या कारखान्यापासून दोन गल्ल्यांवर. ट्रॅक्टरच्या सायलेन्सरचे पाइप वाकवणारं एक छोटं युनिट आहे. त्यांच्याकडे मँड्रेल बेंडिंगचं मशीन, म्हणजे नळी वाकताना आतून गोळ्यांची साखळी तिला धरून ठेवते. त्यांच्याकडे डाय, म्हणजे नळी वाकवायचे साचे, होते ५०चा आणि ४०चा. ४५चा नाही, ३८चाही नाही. मग नियम परत काढून वाचला: ५० बाय दोन चालते, ४० बाय दोन चालते. बाकाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या तिप्पट तरी हवी, म्हणजे १५०. त्यांचा डाय तेवढ्याच त्रिज्येचा. वजनही कमी, कारण ४५ बाय अडीच मीटरला २.६ किलो भरते आणि ५० बाय दोन २.४च्या आत. मी आधी हे बसून मोजलं असतं तर साडेसहा हजारांची नळी वाचली असती. ती वाया गेली असंही नाही. मामांच्या घराचा जिना चढताना जो कठडा हाताला लागतो तो विमानाला चालेल इतक्या चांगल्या लोखंडाचा आहे.

नव्या कमानीवर व्हर्निअर मामांनीच लावला. ४८.६ आणि ५०.८. "झालं का तुमचं समाधान?" एवढंच म्हणाले, पण पाना न मागता चहा मागवला.

नंतरचा प्रश्न कुणाला सुचणारही नाही असा. पिंजरा छताला जितका चिकटून तितका चांगला. डोक्याला जागा मिळते. पण मग सांध्याच्या वरच्या बाजूला, नळी आणि छताचा पत्रा यांच्यामधल्या बोटभर फटीत, वेल्डिंगचा हात घालायचा कसा? बरेच लोक तेवढा भाग सोडून देतात, दिसत नाही म्हणून. आम्ही जमिनीच्या पत्र्याला चारी पायांखाली भोकं पाडली, पिंजरा त्यातून चार इंच खाली सोडला, छतापासून सुटल्यावर सगळे सांधे वरून पूर्ण फिरवून घेतले. मग जॅक लावून वर उचलला आणि पायांखाली तीन मिलिमीटरच्या पट्ट्या वेल्ड करून भोकं बंद. प्रत्येक पट्टी कमीत कमी १२० चौरस सेंटिमीटर, म्हणजे पाय पत्र्यात घुसत नाही. हे करताना एक अख्खा दिवस मामांचा मुलगा गाडीखाली जॅकच्या दांड्याला धरून पडून होता आणि त्याच्या अंगावर ठिणग्या पडत होत्या. त्याच्या जुन्या जीन्सला त्या दिवशी जी भोकं पडली ती मोजण्यासारखी होती.

बॉडीच्या सांध्यांवरही वेल्डिंग केलं, इंचभर टाका, इंचभर मोकळं, पुन्हा टाका. कंपनीची स्पॉट वेल्डिंग डांबरी रस्त्याला पुरते, जांभ्यावर आपटत गेली की हळूहळू सैल पडते. ते काम सांगायला सोपं आणि करायला तीन आठवडे.

इंजिनचं काय केलं, हे सगळे विचारतात. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, हेड गास्केट, प्लग, तेल. बस. ताकद वाढवायला कॅम नाही, पोर्टिंग नाही, मोठा सायलेन्सर नाही. माझ्या वहीत इंजिनच्या पानावर अकरा हजार आहेत आणि पिंजऱ्याच्या पानावर त्याच्या आठपट. सुरुवातीला उलटं ठरवलेलं होतं. पण प्रत्येक वेळी पैसे हातात आले की काहीतरी असं दिसायचं की ते नसेल तर गाडी पळेल खरी, पण आपण घरी जाऊ याची खात्री नाही.

सीटमध्ये मात्र मी शुद्ध मूर्खपणा केला. रॅलीचं बकेट सीट नवीन घेतलं तर डोळे पांढरे होतात, म्हणून जुनी जोडी घेतली. फोटोत झकास, प्रत्यक्षातही झकास, एक ओरखडा नाही. सीट बसवून, ब्रॅकेट वेल्ड करून झाल्यावर मेहुणा पाठीमागे वाकून म्हणाला, "दाजी, ह्याच्यावर एक्स्पायरी डेट का आहे? औषध आहे का हे?" एफआयएच्या ८८५५-१९९९ प्रमाणाच्या सीटला उत्पादनापासून पाच वर्षांची मुदत असते. फायबरचं कवच उन्हानं, धक्क्यांनी आतून दमतं म्हणून. त्या स्टिकरवरची मुदत तीन वर्षांपूर्वी संपलेली. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. ती जोडी आता आमच्या गच्चीवर आहे, मुलगी त्यात बसून गृहपाठ करते. नवी घेतली, पट्टेही नवे सहा जागी अडकणारे, आणि मान झटक्यापासून वाचवणारं हान्स. त्या महिन्यात घरात मी भांडीसुद्धा घासली.

मेहुणा हाच माझा नॅव्हिगेटर, म्हणजे शेजारी बसून पुढचं वळण कुठलं, किती तीव्र, किती अंतरावर हे नोट्समधून वाचून सांगणारा. धंद्याने कर सल्लागार, त्यामुळे आकडे न चुकता वाचतो आणि समोर काय चाललंय त्याकडे बघत नाही. हे दोन्ही गुण नॅव्हिगेटरला लागतात.

इंजिनच्या तळाशी असलेलं तेलाचं चेंबर दगडांपासून वाचवायला खाली गार्ड लागतं. मामांनी आधी चार मिलिमीटर लोखंडी पत्र्याचं केलं, ते उचलायला दोघं लागले: साडेसतरा किलो. मग सहा मिलिमीटर अॅल्युमिनियमचं केलं, नऊ किलो. त्यातही एक पत्रा वाया गेला, कारण ६०६१ हा कडक प्रकार वाकवताना बाकावर तडकला. ५०५२ घेतला, तो मुकाट्यानं वाकला.

चौदा महिन्यांनी गाडी पांढरी होऊन शेडबाहेर आली. असा फेरफार केलेली गाडी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे रस्त्यावर चालवता येत नाही, म्हणून पहिला प्रवास टेम्पोच्या पाठीवरून. कऱ्हाडच्या पुढे एका माळावर एका क्लबने रॅली स्प्रिंट ठेवली होती. चार किलोमीटरची कच्ची वाट, तीन वेळा. राष्ट्रीय संघटनेचं, म्हणजे एफएमएससीआयचं, लायसन्स आधीच काढलं होतं. त्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो, ज्यात माझं वजन पहिल्यांदा सरकारी कागदावर खरं लिहिलं गेलं.

तपासणीला आलेला माणूस पन्नाशीचा, कमी बोलणारा. पिंजऱ्याच्या सांध्यांच्या वरून बोट फिरवलं, छताच्या फटीत आरसा घालून बघितलं आणि मामांकडे बघून मान हलवली. मामा माझ्याकडे बघत नव्हते, पण मिशी हलली. सीटचं स्टिकर, पट्ट्यांचं स्टिकर, हेल्मेट, आग विझवायचं नळकांडं, सगळं पास. मग तो म्हणाला, "इंजिन चालू करा." चालू केलं. बाहेर काचेखाली निळ्या त्रिकोणाजवळ मेन स्विचची दोरी असते. अपघातात बाहेरच्या माणसाने ती ओढली की गाडीतला सगळा करंट बंद व्हायला हवा. त्यानं दोरी ओढली.

गाडी चालूच. अगदी समजूतदारपणे, साडेआठशे आरपीएमवर, काही घडलंच नाही अशी.

त्यानं दुसऱ्यांदा ओढली. तसंच. "करून आणा," म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे गेला.

गंमत अशी की स्विच बरोबर होता. बॅटरीचा संबंध खरोखरच तुटला होता. पण इंजिन एकदा फिरायला लागलं की अल्टरनेटर स्वतः वीज बनवतो आणि ठिणगी पाडणाऱ्या कॉइलला देत राहतो. त्याला बॅटरीची गरज उरत नाही. म्हणून या स्विचला दोन जाड टोकांशिवाय चार बारीक टोकं असतात. आमच्या वायरमनने ती 'एक्स्ट्रा' समजून टेप लावून बंद करून टाकली होती. आणि शेडमध्ये आम्ही स्विच दहा वेळा तपासला होता, दर वेळी इंजिन बंद असताना, दिवे जातात का एवढंच बघून.

वायरमन कोल्हापुरात, लग्नाला निघालेला. फोन स्पीकरवर ठेवून, त्याच्या मागे वाजणाऱ्या सनईत, मामांनी डॅशबोर्डखाली डोकं घातलं. इग्निशनची वायर कापून एका बारीक जोडीतून फिरवली, की स्विच पडला की कॉइलचाही करंट जाईल. दुसऱ्या जोडीतून अल्टरनेटरची उरलेली वीज तीन ओहमच्या रेझिस्टरमधून बॉडीला उतरवायची. तो रेझिस्टर स्विचच्या खोक्यातच होता, चौदा महिने, न उघडलेल्या पुडीत. चाळीस मिनिटं लागली. दोरी ओढली, इंजिन गप्प. तपासणीवाल्याने यादीवर बरोबरची खूण केली आणि पहिल्यांदा हसला. "दर वेळी दोन-तीन असतात," म्हणाला.

पळण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पहिल्या फेरीत मी घाबरलेला होतो, दुसऱ्या फेरीत घाबरायला हवं तेवढा नव्हतो. मेहुणा इंग्रजी नोट्स वाचायचं ठरवून आला होता, पण तिसऱ्याच वळणाला त्याच्या तोंडून आपोआप "डावं चार, पन्नास, उजवं दोन, आत दगड, आत कापू नका दाजी, आत कापू नका" असं सुरू झालं, आणि तेच बरं पडलं. तरी मी आत कापलं. खालून असा आवाज आला की घरातलं कपाट पडावं. ऑइलचा दिवा लागला नाही. वीस सेकंद मी फक्त त्या दिव्याकडे बघत गाडी चालवली आणि एक वळण हुकलं, पण मागे घेऊन पूर्ण केलं. तिसरी फेरीही पूर्ण केली. सतरा गाड्यांत अकरावे. चार गाड्या टोचन करून न्याव्या लागल्या. त्यांपैकी दोन माझ्यापेक्षा दुप्पट ताकदीच्या होत्या. मी ते मोठ्यानं बोललो नाही. मेहुण्याने परत येताना टेम्पोत चार वेळा बोलून दाखवलं.

रात्री अकराला उद्यमनगरात गाडी उतरवली. मामा म्हणाले, सकाळी बघू, आणि तसं म्हणत म्हणतच गोणपाट टाकून खाली सरकले. गार्डला चेंबरच्या बरोबर खाली ताटलीएवढा पोचा. आम्ही बसवताना चेंबर आणि गार्डमध्ये वीस मिलिमीटर ठेवलेले.

"व्हर्निअर द्या," खालून आवाज आला.

मी दिला. बराच वेळ खडखड झाली. मग हात बाहेर आला, व्हर्निअर मिटलेला.

"जात न्हाई मधी. हॅक्सॉचं पातं घालून बघतो." पुन्हा खडखड. "पातं जातंय. एकच." ते बाहेर सरकले, बसते झाले, हात पुसले. "पुढच्या टायमाला पंचवीस ठेवू. लिहा वहीत."